तेलाची वही : वैद्यकीय गांजा सुरू करणाऱ्यांसाठी

मला नागीण झाली ती उजव्या बरगड्यांवर. तीन-चार आठवड्यांत फोड सुकले, खपल्या पडल्या, डाग फिकट झाले. आग मात्र तिथंच मुक्कामाला राहिली. ब्लाऊजची शिवण लागली तरी जीव कळवळायचा. रात्री नवऱ्याचा धुऊन धुऊन विरलेला जुना बनियन घालून झोपत असे, दुसरं काही अंगाला सोसायचंच नाही. लिडोकेनचं मलम झालं, प्रीगाबालिन चालूच होतं. वर्षभरानं आमच्या डॉक्टरीणबाईंनी मेडिकल कॅनाबिसचा, म्हणजे औषध म्हणून घ्यायच्या गांजाच्या तेलाचा, विषय काढला, तेव्हा मला हसूच आलं. गावच्या देवळामागे चिलीम ओढत बसणारे बाबा डोळ्यांपुढे उभे राहिले.

त्यांनी संमतीचा कागद करून दिला आणि निघताना म्हणाल्या, “रोज लिहून ठेवा.” काय लिहायचं ते काही सांगितलं नाही. पहिला दीड महिना मी इमानेइतबारे लिहिलं: ‘आज बरं होतं.’ ‘आज जास्त दुखलं.’ ‘तेल घेतलं, झोप ठीक.’ पुढच्या भेटीत वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चार पानं उलटली आणि विचारलं, “मग फायदा होतोय का?” मला उत्तर देता येईना. दीड महिन्याची वही हातात असून!

पुढे चुकत-माकत जी पद्धत बसली, ती इथं सांगते. मी मिसिसागात राहते. कॅनडात डॉक्टरांच्या संमतीनं गांजा औषध म्हणून मिळण्याची सोय २००१ पासून आहे. १७ ऑक्टोबर २०१८ पासून तो सगळ्याच प्रौढांना खुला झाला, पण वैद्यकीय वाट वेगळी ठेवली गेली. हा लेख त्या वाटेवर नव्यानं पाऊल टाकणाऱ्यांसाठी आहे. औषध घ्यावं का आणि किती, ते डॉक्टरांनाच विचारा. घरात कुणाला कधी मनोविकाराचा झटका आला असेल, हृदयाचा आजार असेल, बाळंतपण किंवा अंगावर पाजणं चालू असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं. आणि हे औषध म्हणजे जादू नव्हे, हेही आधीच समजून घ्या. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी कॅनडाच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शिकेत त्याला तिसऱ्या फळीत बसवलं आहे. म्हणजे नेहमीची औषधं करून झाल्यावरचा विचार.

वही कोणती

साधी, रेघांची, दोनशे पानी. फोनमध्ये लिहायचं तर लिहा, पण रात्री दोन वाजता डोळे जड असताना अॅप उघडून बटणं दाबत बसणं मला तरी जमलं नाही. उशाशी वही, तिला दोऱ्यानं बांधलेलं पेन. दोरा बांधाच. मधुमेहाची साखर, रक्तदाब वगैरे आधीच लिहीत असाल, तर त्याच वहीत मागून सुरुवात करा. दोन वह्या झाल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

पायरी १ : तेलाआधीचा आठवडा

बाटली टपालानं घरी आली की हात शिवशिवतात. तिला कपाटात ठेवा, कुलूप लावा आणि सात दिवस नुसतं लिहा. चालू औषधं नेहमीसारखी घ्यायची, फक्त तेल नाही. रोज तीन वेळा (सकाळी उठल्यावर, दुपारी, झोपण्यापूर्वी) दुखण्याला ० ते १० मध्ये एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याहून जास्त कल्पनेतही येत नाही. सोबत रात्री किती वेळा जाग आली आणि दिवसभरात काय जमलं, काय राहिलं.

ही सात पानं मी पहिल्या खेपेला लिहिलीच नव्हती. म्हणून तर त्या प्रश्नावर गप्प बसावं लागलं. पुढे तेल थांबवून नव्यानं सुरुवात केली, तेव्हा ती लिहिली. आधी किती होतं हे माहीत नसेल तर उतरलं किती हे कसं सांगणार? आणि आठवणीवर तर मुळीच जाऊ नये. १९९६ मध्ये टोरंटोतले डॉक्टर डोनाल्ड रेडेलमायर आणि मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांनी कोलोनोस्कोपीच्या (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीतून तपासणीच्या) रुग्णांना तपासणी चालू असतानाच दर मिनिटाला दुखण्याचा आकडा विचारला आणि नंतर, एकूण किती दुखलं, असंही विचारलं. मागाहून लोकांच्या लक्षात राहिली होती ती सगळ्यात मोठी कळ आणि शेवटची काही मिनिटं. दुखणं किती वेळ चाललं, याचा हिशोब आठवणीत जवळजवळ नव्हताच. आपलंही तेच होतं. डॉक्टरांकडे जायच्या आदल्या रात्री छान झोप लागली असेल, तर आपण म्हणतो, “महिना बरा गेला हो.”

ज्यांनी आधीच सुरू केलं आहे त्यांनी हळहळू नका. प्रवासात, किंवा डॉक्टरांनी सांगितलं म्हणून तेल थांबेल, तेव्हा हे करता येतं. त्यातली एक मेख पुढे सांगते.

पायरी २ : बाटलीचं पान

प्रत्येक नव्या बाटलीला वहीत एक अख्खं पान द्या, अगदी त्याच कंपनीचं तेच तेल असलं तरी. नाव, लॉट क्रमांक, पॅकिंगची तारीख, मुदत, उघडल्याची तारीख. आणि सगळ्यात ठळक: एका मिलीलिटरमध्ये टीएचसी किती मिलिग्रॅम, सीबीडी किती.

टीएचसी म्हणजे ज्यानं चढतं ते. सीबीडीनं झिंग येत नाही, पण म्हणून ते पाणी नव्हे. यकृतात इतर औषधांच्या वाटेत ते आडवं येतं. रक्त पातळ करायला वॉरफरिन घेणाऱ्यांचा आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप) त्यानं वाढू शकतो, फिट्सवरच्या क्लोबाझामचा अंमल वाढतो. म्हणून याच पानावर आपल्या बाकीच्या सगळ्या गोळ्यांची यादीही लिहा. प्रीगाबालिन आणि टीएचसी दोन्हींनी गुंगी येते, हे मला औषधविक्रेत्यानं ती यादी पाहूनच सांगितलं.

आता गणित. नव्या माणसाची फसगत इथंच होते. आपल्या कागदावर डॉक्टरांनी दिवसाला इतके ‘ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. ते सुकलेल्या गांजाचं माप, तुम्ही किती मागवू शकता ते ठरवण्यासाठीचं. तेलाचा डोस त्यावरून काढायचा नसतो. तेल मोजायचं बाटलीसोबतच्या छोट्या पिचकारीनं, मिलीलिटरमध्ये, आणि वहीत लिहायचं मिलिग्रॅममध्ये. समजा बाटलीवर टीएचसी १० मिग्रॅ प्रति मिली लिहिलं आहे आणि तुम्ही पाव मिली, म्हणजे ०.२५, घेतलं. १० गुणिले ०.२५, झाले २.५ मिग्रॅ. पुढच्या वेळी दुसरं तेल आलं, २५ मिग्रॅवालं. पिचकारी तीच, रेघ तीच, पण पोटात गेले ६.२५. अडीच पट! वहीत नुसतं ‘पाव मिली’ लिहिलेलं असेल, तर त्या रात्री चक्कर का आली हे शोधून सापडणार नाही. पिचकारीवरच्या ०.१ आणि १ च्या रेघांतही गल्लत होते. मी ०.२५ च्या रेघेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवला आहे.

सुकं फूल व्हेपोरायझरमधून (फूल तापवून वाफ काढणाऱ्या यंत्रातून) घेणाऱ्यांनी लेबलवरचे दोन आकडे नीट पाहा: ‘टीएचसी’ आणि ‘टोटल टीएचसी’. पहिला म्हणजे आत्ता आहे तसं, दुसरा म्हणजे गरम केल्यावर तयार होईल ते. फुलाच्या बाबतीत पहिला चिमुकला असतो आणि दुसरा भलामोठा. कामाचा दुसरा.

पायरी ३ : रोजची ओळ

आठ-दहा रकाने आखून मी कंटाळले होते. आता एका डोसाला एक ओळ, फार तर दोन. माझ्या वहीतली एक ओळ देते:

‘रात्री ८.४०. आकडा ७ (आग). टीएचसी २.५ / सीबीडी २.५. जेवून तासभर झाला, वरण-भात-तूप. १०.४० ला आकडा ५. तोंड कोरडं. झोप ११.१५ ते ४, मग ६ पर्यंत.’

बस. यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम आहे. पहिला आकडा तेल घेण्यापूर्वीचा, पिचकारी हातात धरण्याच्याही आधी लिहिलेला. घेतल्यानंतर ‘आधी किती होतं बरं?’ असा विचार केला, की आपण नकळत तो वाढवून लिहितो, म्हणजे फरक छान दिसतो. कालची ओळही झाकून घ्या. मी पोस्टकार्ड ठेवते वर.

दुसरा आकडा ठरलेल्या वेळेला, दुखो वा न दुखो. जास्त दुखलं तेव्हाच लिहिलं तर वही रडगाणं होते, बरं वाटलं तेव्हाच लिहिलं तर जाहिरात.

झोप आणि काम यांना आकड्यांइतकीच जागा द्या. किंबहुना माझ्या वहीत आकडे कमी हलले आणि कामं जास्त. ‘आज गॅसपाशी उभी राहून सहा पोळ्या केल्या.’ ‘गाडीचा पट्टा बरगडीवर सोसला, रुमाल न ठेवता.’ ‘ब्लाऊज दुपारपर्यंत घातला.’ आपल्या दुखण्यानं जी दोन-तीन कामं हिरावून घेतली तीच निवडा आणि रोज त्यांचीच हजेरी घ्या. कुणासाठी ती जिन्याच्या पायऱ्या असतील, कुणासाठी सुईत दोरा ओवणं.

तेल न घेतलेला दिवसही लिहायचा. ‘विसरले’, ‘पाहुणे होते’, ‘गाडी चालवायची होती म्हणून नाही’. कोरी जागा सोडली की महिन्यानं तिचा अर्थ लागत नाही.

दुखण्याचे शब्द

या एका बाबतीत आपण श्रीमंत आहोत. इंग्रजीत डॉक्टर विचारतात तेव्हा आपण ‘पेन’ म्हणून मोकळे होतो. घरात मात्र आपण नेमकं बोलतो: ठणका, ठसठस, कळ, चमक, सणक, आग, रखरख, मुंग्या, बधिरपणा, ओढ, अवघडल्यासारखं, सुया टोचल्यासारखं, कुणी मिरची चोळल्यासारखं. हे नुसते समानार्थी शब्द नाहीत. आग, सणक, मुंग्या आणि नुसत्या स्पर्शानं होणारी वेदना ही मज्जातंतूंच्या दुखण्याची लक्षणं. ठणका-ठसठस बहुधा सूज किंवा सांध्याकडे बोट दाखवते. वहीत मराठीच लिहा, जो शब्द तोंडात आला तोच. शेवटच्या पानावर तेवढे पाच-सहा शब्द आणि त्यांचा इंग्रजी अर्थ मुलांकडून लिहून घ्या, डॉक्टरांना दाखवायला.

माझ्या वहीत दोन महिन्यांनी एक गोष्ट दिसली: तेलानं आग कमी होत होती, पण अधूनमधून वीज चमकल्यासारखी जी सणक यायची ती जशीच्या तशी होती. नुसता आकडा लिहिला असता तर दोन्ही एकाच सरासरीत बुडाले असते. डॉक्टरांनी मग त्या सणकेसाठी तेल वाढवण्याऐवजी वेगळा विचार केला.

पायरी ४ : घड्याळ, आणि एका होळीची गोष्ट

नाकातोंडातून वाफ घेतली तर परिणाम काही सेकंदांत किंवा मिनिटांत सुरू होतो आणि अर्ध्या तासात पुरता जाणवतो. पोटातून घेतलं, म्हणजे तेल, कॅप्सूल, गमी (चघळायची गोड गोळी), तर अर्धा तास ते दोन तास काहीच कळत नाही. पूर्ण अंमल चढायला चार तासही लागतात, आणि तो बारा तासांपर्यंत टिकतो. दुसऱ्या दिवशीपर्यंत सुस्ती राहू शकते. कारण पोटातलं टीएचसी आधी यकृतातून जातं आणि तिथं त्याचा आणखी एक जोरकस अवतार तयार होतो.

म्हणून घेतल्यानंतरचा आकडा कधी लिहायचा हे आधी ठरवा. वाफेसाठी अर्ध्या तासानं, तेलासाठी दोन तासांनी, आणि पुन्हा एकदा चार तासांनी जागे असाल तर. सुरुवातीला माझा आकडा तेल गिळल्यावर दहाव्या मिनिटाला दोननं उतरायचा! इतक्या लवकर तेल काही करूच शकत नाही. ती आशा होती. आशेलाही माझी ना नाही, पण तिला वेगळ्या रकान्यात बसवलेलं बरं.

आता होळी. पुरणपोळी, वर तुपाची धार, कटाची आमटी. जेवण अंमळ जास्तच झालं. साडेआठला नेहमीचा डोस घेतला. साडेनऊ झाले, काही नाही. आग तशीच. मी विचार केला, आज लागू पडलं नाही, आणि तेवढाच पुन्हा घेतला. पावणेबाराला बाथरूमला उठले तर पॅसेज लांबच लांब होत गेलेला, छाती धडधडतेय, तोंडाला कोरड, जीभ टाळ्याला चिकटलेली. नवऱ्याला वाटलं, पक्षाघात. मी त्याला सांगायला गेले की भांग चढली आहे, आणि मलाच हसू आवरेना. दोघं पहाटेपर्यंत पलंगावर बसून होतो, तो माझा हात धरून. सकाळी सगळं उतरलं. पडले नाही हे नशीब. या वयात माकडहाड मोडायला तेवढं पुरतं.

वहीनं मागाहून समजावलं. भरल्या पोटी अंमल उशिरा सुरू होतो. आणि ही द्रव्यं पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. सीबीडीच्या फिट्सवरच्या औषधाच्या चाचण्यांत तर चरबीयुक्त जेवणासोबत रक्तात पोहोचणारं प्रमाण उपाशीपोटीच्या सुमारे चौपट भरलं होतं. तूप माझ्या विरोधात होतं आणि घड्याळही. तेव्हापासून जेवणाचा रकाना मी कधी गाळला नाही, आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं आहे: ‘आज पुन्हा नाही.’ डोस लागू पडला नाही असं वाटलं तर ते लिहायचं आणि झोपायचं. वाढवायचं की नाही ते उद्या, डॉक्टरांनी दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे.

गंमत अशी की ही नोंद ठेवायची पद्धत आपल्याच देशात जुनी आहे. १८३९ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी यांनी गांजावरचे प्रयोग प्रसिद्ध केले आणि तिथून हे औषध युरोपच्या वैद्यकात गेलं. त्यांचा एक प्रयोग मध्यम चणीच्या कुत्र्यावरचा आहे. नेपाळी चरस दहा ग्रेन (वजनाचं जुनं माप), अर्ध्या तासात सुस्ती, पेंगणं, मधेच दचकून उठून शेपूट हलवणं, अधाशासारखं खाणं, हाक मारली तर झोकांड्या. हे सारं दोनेक तास, आणि सहा तासांत कुत्रं ठणठणीत. काय दिलं, किती दिलं, कधी लागलं, काय दिसलं, कधी उतरलं. माझ्या पहिल्या दीड महिन्याच्या वहीपेक्षा त्या कुत्र्याची नोंद सरस आहे.

पायरी ५ : एका वेळी एकच बदल

डोस वाढवला त्याच आठवड्यात फिजिओथेरपी सुरू केली, चहा बंद केला आणि नवी गादी आणली, तर फरक कशानं पडला हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. बदल केला की त्या तारखेला पानभर आडवी रेघ मारा आणि रेघेवर लिहा: काय बदललं, कुणाच्या सांगण्यावरून. मग निदान आठवडाभर दुसरं काही हलवू नका. ताप, लग्नघर, भारतातून आलेला वाईट फोन, बर्फात फावडं मारणं, अशा आपल्या हातात नसलेल्या गोष्टींसाठी समासात फुली. त्या दिवसांचे आकडे पुसायचे नाहीत, फक्त फुलीसकट वाचायचे.

पायरी ६ : दुसऱ्याच्या हाताचा रकाना

टीएचसीच्या अमलाखाली आपण कसे आहोत हे आपल्यालाच सगळ्यात कमी कळतं. म्हणून आठवड्यातून एकदा, रविवारच्या चहाला, नवरा माझ्या वहीत दोन ओळी लिहितो आणि मी त्या वेळी वाचत नाही. एकदा त्यानं लिहिलं होतं: ‘तीन वेळा तोच प्रश्न विचारला. जिना उतरताना कठडा धरते. चिडचिड कमी.’ पहिल्या दोन गोष्टी मला ठाऊकच नव्हत्या. एकट्या राहणाऱ्यांनी मुलीला किंवा मैत्रिणीला फोनवर विचारून लिहावं.

दुष्परिणाम आकड्यात मांडायला जाऊ नका, साध्या शब्दांत लिहा: तोंड कोरडं, चक्कर, उठून उभं राहताना अंधारी, छातीत धडधड, भूक, विसरभोळेपणा, जुलाब, सकाळची सुस्ती. नवऱ्यानं लिहिलेल्या त्या जिन्याच्या ओळीमुळे माझा रात्रीचा डोस डॉक्टरांनी कमी केला.

काही गोष्टी मात्र वहीत लिहून थांबायच्या नसतात. छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, कुणी पाठलाग करतंय असं वाटणं किंवा नसलेलं दिसणं-ऐकू येणं, उठवूनही न उठणारी गुंगी: लगेच मदत मागवा. दीर्घकाळ नियमित वापरणाऱ्यांना कधीकधी पुनःपुन्हा उलट्या सुरू होतात आणि गरम पाण्यानं अंघोळ केली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हे वहीत दिसलं तर तेल वाढवून उलटी थांबवायला जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा. कारण बहुधा तेलच असतं. गाडी चालवण्याची नोंदही ठेवा. डॉक्टरांचा कागद खिशात आहे म्हणून अमलाखाली गाडी चालवण्याची मुभा मिळत नाही. मी रात्री तेल घेतलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी चालवत नाही.

पायरी ७ : रविवारची बेरीज

फक्त रात्री तेलापूर्वी लिहिलेले सात आकडे घ्या, बेरीज करा, सातानं भागा. तेलाआधीच्या आठवड्यातलेही रात्रीचेच. माझे ते होते ७, ८, ६, ७, ८, ७, ६. बेरीज ४९, सरासरी ७. आठव्या आठवड्याचे ५, ६, ४, ५, ७, ४, ४. बेरीज ३५, सरासरी ५.

हा फरक मोठा की छोटा? यासाठी एक चांगली फूटपट्टी आहे. प्रीगाबालिनच्या दहा चाचण्यांतल्या २,७२४ रुग्णांचे आकडे एकत्र करून २००१ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात नागिणीनंतरच्या दुखण्याचे रुग्णही होते. ज्यांनी ‘बरंच बरं वाटतंय’ असं स्वतःहून सांगितलं त्यांचा आकडा साधारण दोननं, म्हणजे तीसेक टक्क्यांनी उतरलेला होता. माझा दोननं उतरला, म्हणजे सुमारे २९ टक्के. अगदी उंबरठ्यावर! मला थोडी निराशा वाटली, खरं सांगते. पण त्याच पानावर ‘ब्लाऊज: आठवड्यात पाच दिवस’ असं लिहिलेलं होतं.

डॉक्टरांकडे वही नेऊ नका. म्हणजे पिशवीत असू द्या, पण पुढ्यात ठेवायचा तो एकच कागद. त्यावर तेलाआधीची सरासरी आणि गेल्या चार आठवड्यांच्या सरासऱ्या, आत्ताचा डोस मिलिग्रॅममध्ये, दोन-तीन कामांची हजेरी, सगळ्यात त्रासाचे दोन दुष्परिणाम, इतर औषधांत झालेला बदल आणि तुमचा एक प्रश्न. दहा मिनिटांच्या भेटीत याहून जास्त कुणी वाचत नाही. मी हा कागद नेला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली.

आकडे हललेच नाहीत तर? तेही वहीचं कामच. तीन महिने नीट लिहून सरासरी जागच्या जागी असेल आणि कामांची हजेरीही तीच असेल, तर औषध बंद करण्याबद्दल बोलायला तुमच्याकडे भक्कम आधार आहे. हे तेल स्वस्त नाही. बिलं वहीच्या मागच्या खिशात ठेवा. वैद्यकीय वाटेनं घेतलेल्या गांजाचा खर्च इथल्या आयकरात वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो.

वही, प्रवास आणि माहेर

वहीवर नाव लिहू नका, आणि ती बाटलीसोबत कुलपात ठेवा. नातवंडं येत असतील तर दुहेरी काळजी. गमी ही मुलांना गोळ्या-चॉकलेटच वाटते. पॉइझन सेंटरचा नंबर पुठ्ठ्याच्या आत लिहून ठेवा.

विमानात किंवा गाडीनं सीमा ओलांडताना बाटली घरी. कॅनडाबाहेर गांजा नेणं किंवा बाहेरून आणणं गुन्हा आहे. सीबीडीचं तेल असलं, डॉक्टरांचा कागद असला, पलीकडच्या राज्यात तो कायदेशीर असला, तरीही. अमेरिकेत मुलाकडे जाणाऱ्या आजी-आजोबांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. सीमेवर फोन तपासला जाऊ शकतो, हे कागदी वहीच्या बाजूचं आणखी एक कारण.

भारतात १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा गांजा आणि चरसाला लागू होतो. पानं आणि बिया, फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तर, गांजाच्या व्याख्येबाहेर आहेत. आयुर्वेदात त्या पानांना विजया म्हणतात, आणि औषधनियमांच्या ई-१ या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे, म्हणून तशी औषधं वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. माझी पुण्याची मावसबहीण वैद्यांनी दिलेलं विजयाचं तेल घेते. तिलाही मी हीच वही शिकवली, एका फरकासह: अर्काचे मिलिग्रॅम आणि टीएचसीचे मिलिग्रॅम या निरनिराळ्या गोष्टी आहेत. लेबलवर नुसता अर्क लिहिलेला असेल, तर त्यात टीएचसी किती हे वैद्यांना विचारून बाटलीच्या पानावर नोंदवायचं. माझी बाटली तिकडे नाही, तिची इकडे नाही.

आणि तेल थांबवून लिहिण्यातली ती मेख. मी दोन महिने माहेरी गेले तेव्हा डॉक्टरांना विचारून तेल हळूहळू थांबवलं होतं. वही मात्र चालू ठेवली. पहिल्या आठवड्यात आकडे चढले, झोप उडाली, चित्रविचित्र स्वप्नं पडली, मी सगळ्यांवर खेकसत होते. मला वाटलं, बघा, तेलाशिवाय भागत नाही. पण रोज टीएचसी घेणाऱ्याचं ते थांबलं की पहिला आठवडा-दोन आठवडे असं होतंच. तो दुखण्याचा हिशोब नव्हे. खरे आकडे तिसऱ्या आठवड्यापासूनचे. माझे सरासरी सहा आले. तेलाआधी सात, तेलासह पाच, तेल थांबवून सहा. म्हणजे मधल्या काळात दुखणंही आपणहून थोडं निवळलं होतं आणि त्याचं श्रेय मी तेलाला देत होते. परत आल्यावर तो कागद पाहून आम्ही आधीच्या निम्म्या डोसानं पुन्हा सुरुवात केली.

डॉक्टरांच्या संमतीची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष असते. नूतनीकरणाच्या दिवशी मी नवी वही काढते. तिच्या पहिल्या पानावर तेलाआधीचे ते सात आकडे, औषधांची यादी आणि दुखण्याच्या शब्दांचं पान उतरवून घेते, मग पेनाला नवा दोरा बांधते.